रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्हलूशन इन फ्रान्स

ब्रिटिश संसदपटू व राजकीय विचारवंत एडमंड बर्क (१७२९–९७) याचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील विख्यात टीकाग्रंथ. तो १ नोव्हेंबर १७९० रोजी लंडन येथे प्रसिद्ध झाला. पाच शिलिंग ही त्या काळी जड वाटणारी किंमत असूनही पहिल्या पाच आठवड्यांत त्याच्या सु. १३,००० प्रती खपल्या आणि वर्षभरात अकरा आवृत्त्या निघाल्या. आधुनिक परंपरावादी राजकीय विचाराचा हा आद्य ग्रंथ समजला जातो. क्रांती, मानवी हक्क आणि लोकशाही या तीन कल्पनांविरुद्ध पुढील दोन शतकांत जे युक्तिवाद करण्यात आले, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या ग्रंथात सापडते. मात्र तो कोणा एकांतप्रिय तत्त्वज्ञाने सिद्ध केलेला सिद्धांतग्रंथ नव्हे. प्रकरणांची विभागणी नसलेले, मध्येच विषय सोडून पुन्हा त्याच्याकडे वळणारे, कधी हिशेबाच्या आकड्यांत शिरणारे तर कधी शोकाने दाटून येणारे असे ते एक प्रदीर्घ पत्र आहे.

पत्र लिहिले गेले ते द पाँ या तरुण फ्रेंच परिचिताला उद्देशून. त्याने १७८९ च्या नोव्हेंबरमध्ये बर्कला क्रांतीविषयी अनुकूल मत विचारले होते. परंतु बर्कचा खरा रोख इंग्लंडमधील वाचकांवर होता. ४ नोव्हेंबर १७८९ रोजी लंडनच्या ओल्ड ज्यूरी भागातील प्रार्थनागृहात रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने इंग्लंडच्या १६८८ च्या रक्तहीन क्रांतीच्या स्मरणार्थ प्रवचन केले. आपले शासक निवडणे, त्यांनी गैरवर्तन केल्यास त्यांना दूर करणे आणि आपल्यासाठी नवी शासनपद्धती निर्माण करणे, हे तीन हक्क इंग्लिश जनतेने १६८८ मध्ये मिळविले, असे त्याचे प्रतिपादन होते. फ्रान्समध्ये चालले आहे ते याच हक्कांचे पुढचे पाऊल होय, असा निष्कर्ष त्यातून निघत होता. बर्कने ग्रंथाच्या पूर्वार्धात हे तिन्ही हक्क एकेक करून नाकारले. १६८८ मध्ये राजा बदलला, पण वारसाहक्काचा क्रम शक्य तितका कमी मोडण्यात आला व जे केले ते जुन्या कायद्याच्या रक्षणासाठी केले, असा त्याचा दावा आहे. या मुद्यावर १६८९ च्या हक्कविषयक जाहीरनाम्याचा शब्दार्थ बर्कच्या बाजूने आहे, प्रत्यक्ष घटनाक्रम मात्र प्राइसच्या बाजूने, असेच म्हणावे लागते.

ग्रंथ वाचून बर्कचे स्वकीयच चकित झाले. डब्लिनमध्ये जन्मलेला, प्रॉटेस्टंट वकील व कॅथलिक माता यांचा हा मुलगा व्हिग पक्षाचा आधारस्तंभ होता. राजाच्या वाढत्या हस्तक्षेपाविरुद्ध त्याने १७७० मध्ये लेखणी चालविली होती. अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून १७७५ मध्ये संसदेत प्रसिद्ध भाषण केले होते. आयर्लंडमधील कॅथलिकांवरील जाचक कायद्यांचा तो विरोधक होता आणि १७८८ पासून वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग चालवीत होता. सत्तेच्या स्वैराचाराविरुद्ध आयुष्य घालविणारा हा मनुष्य बॅस्टीलच्या पाडावाचे स्वागत करील, अशी अपेक्षा होती. ६ मे १७९१ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याने चार्ल्स जेम्स फॉक्सशी असलेला जुना स्नेह भर सभेत तोडला, तेव्हा फॉक्सला अश्रू आवरले नाहीत. बर्क बदलला की प्रसंग बदलला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. त्याचे उत्तर ग्रंथातील युक्तिवादाच्या आधारेच शोधावे लागते.

युक्तिवादाचा गाभा मानवी बुद्धीच्या मर्यादेविषयी आहे. समाज ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून वाढलेली, अत्यंत गुंतागुंतीची वस्तू आहे. एका माणसाच्या वा एका पिढीच्या बुद्धीला तिचे सर्व दुवे दिसत नाहीत. म्हणून तत्त्वज्ञाने कागदावर रेखाटलेल्या आराखड्यानुसार ती पाडून पुन्हा बांधणे हे धाडस नसून अज्ञान होय. समाज हा करार आहे हे बर्कला मान्य आहे. परंतु तो व्यापारी भागीदारीसारखा मनास येईल तेव्हा मोडण्याचा करार नव्हे. हयात असलेले, होऊन गेलेले आणि जन्मास यावयाचे या सर्वांना तो बांधतो. बदलास त्याचा विरोध नाही. ज्या राज्याला बदलण्याचे साधन नसते, त्याला टिकण्याचेही साधन नसते, हे त्याचे मत प्रसिद्धच आहे. त्याचा आग्रह एवढाच की, दुरुस्ती करणाऱ्याने वाड्याचा पाया व भिंती कायम ठेवून डागडुजी करावी.

या विचारातील दोन संज्ञा मराठीत आणताना अडचण पडते व त्या अडचणीतून काही उमगतेही. ज्या संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘पूर्वग्रह’ असा होतो, ती बर्क प्रशंसेने वापरतो. त्याच्या मनातील अर्थ आपल्या ‘संस्कार’ या शब्दाला अधिक जवळचा आहे: ऐन प्रसंगी विचार करण्यास उसंत नसते तेव्हा माणसाकडून योग्य ते करवून घेणारी, पूर्वजांच्या अनुभवाने घडविलेली मनाची ठेवण. दुसरी संज्ञा कायद्यातील असून तिला ‘वहिवाट’ हा चपखल शब्द आहे. शेत, पाणी वा पाऊलवाट यांच्या दीर्घ व अखंड भोगवट्याने ज्याप्रमाणे हक्क उत्पन्न होतो, त्याप्रमाणे राज्यसंस्था, सिंहासन व मालमत्ता यांनाही काळच अधिकार मिळवून देतो, अशी बर्कची धारणा होती. त्याचे सबंध राजकीय तत्त्वज्ञान वहिवाटीच्या या एका कल्पनेवर उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ग्रंथाचा उत्तरार्ध तुलनेने कमी वाचला जातो. वस्तुतः बर्कची राजकीय दृष्टी तेथेच सर्वांत तीक्ष्ण आहे. राष्ट्रीय सभेने केलेल्या एकेका सुधारणेची तो झडती घेतो. जुने प्रांत मोडून १७९० मध्ये देशाचे ८३ विभाग पाडण्यात आले. माणसांचे गाव, प्रांत व शेजार यांच्याशी असलेले जिव्हाळ्याचे संबंध अशा भूमितीने नष्ट होतात व उरतो तो परस्परांशी बंध नसलेल्या व्यक्तींचा समुदाय, असे त्याचे म्हणणे होते. मानवाचे समान हक्क घोषित करणाऱ्या सभेने किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर देणाऱ्यांनाच मताधिकार दिला, ही विसंगतीही त्याने अचूक हेरली. २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आली व तिच्या तारणावर ‘असिन्या’ नावाचे कागदी चलन काढण्यात आले. जप्तीवर उभारलेले हे चलन सट्टेबाजांची चांदी करील व सामान्यांना बुडवील, असे त्याने बजावले. १७९६ मध्ये ते रद्द झाले तेव्हा त्याची किंमत दर्शनी मूल्याच्या एक टक्क्याहूनही खाली गेली होती. सैन्याविषयीचे त्याचे भाकीत तर सर्वश्रुत आहे. ज्या सैन्याला आज्ञा पाळण्याची सवय उरली नाही, ते अखेर सैनिकांची मने जिंकणाऱ्या एखाद्या सेनापतीमागे जाईल व तोच सभेचा व प्रजासत्ताकाचा धनी होईल, असे त्याने लिहिले, त्या वेळी राजा सोळावा लूई सिंहासनावर होता आणि दहशतीचे राज्य तीन वर्षे दूर होते. नेपोलियनने सत्ता हाती घेतली ती ९ नोव्हेंबर १७९९ रोजी. ते पाहण्यास बर्क हयात नव्हता.

लोकशाहीवरील त्याचे आक्षेप दोन प्रकारचे असून ते वेगळे केले पाहिजेत. पहिला सत्तेच्या स्वरूपासंबंधी आहे. राजाला निदान अपकीर्तीचे भय असते. जेथे सर्वच सत्ताधारी असतात, तेथे दोषाचा प्रत्येकाच्या वाट्यास येणारा अंश इतका अल्प असतो की, लाज वाटेनाशी होते. शिवाय बहुमताने केलेला जुलूम हा एका राजाच्या जुलमापेक्षा दुःसह असतो. कारण पिडलेल्या अल्पसंख्याकांना जनतेच्या सहानुभूतीचाही आधार राहत नाही. लोकशाही राज्यघटनांत मूलभूत हक्क, द्वितीय सभागृह, स्वतंत्र न्यायसंस्था इ. तरतुदी आल्या, त्या याच भीतीच्या पोटी. म्हणून हा आक्षेप लोकशाहीने पचविला, असे म्हणता येते. दुसरा आक्षेप माणसांच्या पायरीसंबंधी आहे. केशकर्तनकार किंवा चरबीच्या मेणबत्त्या करणारा यांच्यावर राज्याने जुलूम करू नये, पण राज्य त्यांच्या हाती गेल्यास तो राज्यावरच जुलूम ठरेल, असे बर्क मानतो. विचार करण्यास सवड व साधन असलेली, म्हणजे राजकीय दृष्ट्या ज्यांची गणना करावी अशी, माणसे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सु. चार लक्ष आहेत, असा अंदाज त्याने १७९६ मध्ये केला. हा आक्षेप पचविण्यासारखा नव्हता. बहुजनसमाजाला त्याने लावलेले डुकरांचे विशेषण इंग्लंडमधील जहाल कारागिरांनी बिरुदासारखे मिरविले व १७९३ मध्ये डुकरांच्या खाद्याची नावे धारण करणारी दोन नियतकालिके निघाली. अनुभव हाच राजकारणातील गुरू, असे सांगणाऱ्या विचारवंताने कष्टकऱ्यांच्या अनुभवाला मात्र ज्ञानाचा दर्जा दिला नाही, ही त्याच्या विचारातील पहिली मोठी फट होय.

ग्रंथावर उत्तरांचा वर्षाव झाला. मेरी वुल्स्टनक्राफ्टचे उत्तर त्याच महिन्यात आले. वहिवाट हेच प्रमाण मानल्यास गुलामगिरीलाही चिरंतन आधार मिळेल, हा तिचा मुद्दा निरुत्तर करणारा होता. टॉमस पेनच्या राइट्स ऑफ मॅन (दोन भाग, १७९१-९२) या ग्रंथाने मृतांना जिवंतांवर सत्ता गाजविण्याचा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न विचारला. ५ व ६ ऑक्टोबर १७८९ रोजी व्हर्सायवर चालून आलेल्या जमावाच्या हातून राणी मारी आंत्वानेत हिची झालेली विटंबना वर्णन करताना बर्क गहिवरतो. परंतु राजाच्या तुरुंगांत कुजलेल्यांसाठी त्याला एकही अश्रू नाही, असे पेनने दाखवून दिले. बर्कचा सहकारी फिलिप फ्रान्सिस यालाही मुद्रितांत हा उतारा वाचून तो पोकळ अलंकरण वाटला होता. त्या उताऱ्याचे वाङ्मयीन कौतुक पुष्कळ झाले आहे, पण युक्तिवादात तो काहीच भर घालीत नाही.

पेनच्या टीकेपेक्षाही अधिक अडचणीचा प्रश्न बर्कच्याच कसोटीने विचारता येतो. वहिवाट अखंड असावी लागते. फ्रान्समधील इस्टेट्स-जनरल ही प्रातिनिधिक सभा १६१४ नंतर १७८९ पर्यंत एकदाही बोलाविण्यात आली नव्हती. म्हणजे जुनी घटना क्रांतिकारकांनी नव्हे, तर राजसत्तेनेच १७५ वर्षे मोडीत काढली होती. बर्क ज्या वाड्याची डागडुजी सुचवितो, त्याच्या भिंती कोणत्या, हे त्यामुळे सांगता येत नाही. डागडुजीचे यत्नही झाले होते. तुर्गोच्या सुधारणा १७७६ मध्ये त्याच्या बडतर्फीने संपल्या. सर्व जमीनधारकांवर कर बसविण्याची कालोनची योजना १७८७ मध्ये मान्यवरांच्या सभेने अडविली. क्रमशः सुधारणेचा मार्ग ज्यांनी बंद केला, तेच सवलतदार वर्ग बर्कच्या मते त्या मार्गाचे संरक्षक होते. मिळकतीच्या वहिवाटीचा उगमही तितकाच संशयास्पद असू शकतो, याची कबुली बर्कच्या हातूनच दिली गेली. त्याला मिळालेल्या निवृत्तिवेतनावर ड्यूक ऑफ बेडफर्डने टीका केली, तेव्हा १७९६ च्या पत्रात त्याने ड्यूकच्या अफाट जमिनींचा इतिहास काढला: त्या आठव्या हेन्रीने मर्जीतल्या माणसाला दिलेल्या होत्या आणि त्यांत मठांकडून हिरावलेल्या जमिनींचा मोठा वाटा होता. अडीचशे वर्षांपूर्वीची इंग्लंडमधील चर्चची लूट काळाने पावन झाली आणि १७८९ मधील फ्रान्समधील लूट मात्र महापातक ठरली. लुटीला पवित्र होण्यास नेमकी किती वर्षे लागतात, याचे उत्तर बर्कच्या लेखनात नाही.

आयर्लंडच्या बाबतीत त्याने हे उत्तर टाळले नव्हते. तेथील कॅथलिकविरोधी कायदे पिढ्यान्‌पिढ्या अमलात होते, तरी १७६० नंतरच्या दशकात लिहिलेल्या व मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, बहुसंख्य प्रजेच्या अहिताचा कायदा हा मुळात कायदाच नव्हे, असे त्याने ठासून म्हटले आहे. याचा अर्थ वहिवाटीच्या वर न्यायाचे एक श्रेष्ठ तत्त्व त्याला ठाऊक होते. फ्रान्सच्या संदर्भात ते त्याने वापरले नाही, एवढेच.

हिंदुस्थानसंबंधी मात्र त्याची वहिवाटीची कल्पना व न्यायबुद्धी एका दिशेने चालतात आणि म्हणूनच त्याची त्या विषयावरील भाषणे इतकी प्रभावी उतरली. १ डिसेंबर १७८३ रोजी फॉक्सच्या ईस्ट इंडिया विधेयकावर बोलताना त्याने हिंदी जनतेचे प्राचीन धर्म, कायदे, सरदारघराणी, सावकार व कारागीर यांचे वर्णन एका सुसंस्कृत समाजव्यवस्थेचे घटक म्हणून केले. या व्यवस्थेचा उच्छेद करणारी कंपनीची नवखी, अल्पवयीन व धनलोभी माणसे हीच त्याच्या दृष्टीने येथील खरी क्रांतिकारक होती. माणसाचे कर्तव्य अक्षांश-रेखांशांनुसार बदलते, हा हेस्टिंग्जच्या बचावातील ध्वनी त्याने महाभियोगात धिक्कारला. हेस्टिंग्ज २३ एप्रिल १७९५ रोजी निर्दोष सुटला. पुढच्याच वर्षी एका पत्रात बर्कने कंपनीशाही व जॅकबिनवाद यांना त्या काळातील दोन महासंकटे म्हणून एकत्र गणले. दोन्हींत परंपरेशी नाते नसलेल्या लोकांच्या हाती अनिर्बंध सत्ता जाते, हे त्यामागील सूत्र होय. बर्क बदलला नव्हता, या पक्षाचा हा सर्वांत सबळ पुरावा आहे. परंतु येथे अन्याय नवा होता व वहिवाट पिडितांच्या बाजूची होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

अर्थव्यवहाराचा प्रश्न येताच परंपरेची ही कळकळ ओसरते. १७९५ च्या धान्यटंचाईत इंग्लंडमधील न्यायाधिकारी जुन्या रिवाजानुसार मजुरांना साहाय्य देऊ लागले, तेव्हा बर्कने पंतप्रधान पिट याला टिपण लिहून मजुरी व धान्य यांच्या बाजारात शासनाने हात घालू नये, असे बजावले. हे बाजाराचे नियम त्याला निसर्गाचे व ईश्वराचे नियम वाटत होते. गरिबाच्या भाकरीशी संबंध असलेली वहिवाट अशा रीतीने नव्या अर्थशास्त्रापुढे रद्द ठरली. कॅनडियन विचारवंत सी. बी. मॅक्फर्सन याने १९८० मध्ये याच टिपणाच्या आधारे, बर्कचे सनातन इंग्लंड हे तोवर भांडवलशाही इंग्लंड झालेले होते, असे मत मांडले. याउलट कॉनर क्रूझ ओब्रायन (१९९२) याला अमेरिका, आयर्लंड, हिंदुस्थान व फ्रान्स या चारही विषयांत सत्तेच्या दुरुपयोगाविरुद्धचा एकच सूर ऐकू येतो.

यूरोप खंडात क्रांतिविरोधी विचाराने निराळे वळण घेतले. झोझेफ द मेस्त्र (१७५३–१८२१) याच्या मते क्रांती ही पापी फ्रान्सला ईश्वराने दिलेली शिक्षा होती आणि समाजव्यवस्थेचा अंतिम आधार म्हणजे फाशी देणारा मारेकरी. बर्कची संसद, पक्ष व कायद्याचे राज्य यांवरील श्रद्धा त्यात कोठेच नाही. दोघांना एका पंक्तीत बसविणे म्हणूनच अन्यायाचे आहे. मात्र सामान्य माणसाला स्वतःचे हित कळत नाही, हे गृहीत दोघांतही आहे. क्रांतीच्या अभ्यासात बर्कच्या पुढचे पाऊल अलेक्सी द तॉकव्हील याने १८५६ मध्ये टाकले. प्रांतांची स्वायत्तता व सामाजिक बंध मोडण्याचे जे खापर बर्कने राष्ट्रीय सभेवर फोडले, ते काम राजेशाहीच्या केंद्रित प्रशासनाने आधीच उरकले होते, असे त्याने दप्तरखान्यांतील कागदपत्रांवरून दाखविले.

महाराष्ट्राशी या वादाचा पहिला धागा जुळतो तो जेम्स मॅकिंटॉश याच्यामुळे. १७९१ मध्ये क्रांतीचे समर्थन करून बर्कला सर्वांत संयत उत्तर देणारा हा तरुण लेखक १७९६ मध्ये बर्कला त्याच्या घरी भेटला व १७९९ च्या आपल्या व्याख्यानांत त्याने मते बरीच पालटली. १८०४ मध्ये तो मुंबईचा ‘रेकॉर्डर’ म्हणजे मुख्य न्यायाधीश म्हणून आला आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबर रोजी त्याने लिटररी सोसायटी ऑफ बाँबे ही संस्था स्थापिली. आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई हा तिचाच विस्तार होय. पुढे इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पिढ्यांना बर्क हा भाषेचा व सनदशीर राजकारणाचा आदर्श वाटू लागला. मवाळांनी त्याच्या अमेरिकाविषयक भाषणांतील भूमिका इंग्रज सरकारलाच ऐकविली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बर्कचा केलेला उपयोग याहून मार्मिक आहे. ॲनिहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) या न झालेल्या अध्यक्षीय भाषणात, धर्म हा समाजाचा व नागरी शासनाचा पाया होय, हे बर्कचे मत त्यांनी संमतिपूर्वक उद्धृत केले. पण त्यातून निष्कर्ष काढला तो बर्कला मानवणारा नव्हता. विधिनिषेधांचा धर्म नष्ट करावा व त्याच्या जागी समता, स्वातंत्र्य व बंधुता या तत्त्वांचा धर्म यावा, अशी त्यांची मागणी होती. ज्या समाजातील अन्याय हीच हजारो वर्षांची अखंड वहिवाट आहे, तेथे वहिवाट प्रमाण मानता येत नव्हती. पुढे १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी पुन्हा बर्कचाच आधार घेतला; या वेळी तो अमेरिकेशी समेटाची बाजू मांडणाऱ्या १७७५ च्या भाषणातील होता. बळाचा परिणाम तात्पुरता असतो व बळाने जिंकलेले पुन्हा पुन्हा जिंकावे लागते, या आशयाचा तो उतारा वाचून, हिंदु-मुसलमानांचा प्रश्न बळाने सोडवू पाहणाऱ्या बहुसंख्याकांना त्यांनी सावध केले.